जुन्या गेम कार्ट्रिजमधलं सेव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरच्या खोक्यात जुना गेम बॉय किंवा सुपर निन्टेन्डो सापडला की आधी ‘चालतोय का?’ हे बघितलं जातं आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: ‘माझा गेम अजून आहे का?’ माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. कार्ट्रिजमधला खेळ लाखो प्रतींमध्ये छापला गेला, तो कुठेही पुन्हा मिळेल. तुम्ही शाळेत असताना वाढवलेला पोकेमॉनमधला चारिझार्ड किंवा भावाच्या नावाने सुरू केलेला झेल्डा मात्र जगात एकाच चिपवर आहे, आणि त्यातल्या बऱ्याच चिपा एका बटणाएवढ्या सेलवर तग धरून आहेत. ते सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, वाचावं, यासाठी ही प्रश्नोत्तरं.

घाईत असाल तर बॅकअपचा प्रश्न आधी वाचा. तोपर्यंत बॅटरीला हात लावू नका.

खेळ आणि सेव्ह एकाच चिपमध्ये असतात का?

नाही. खेळ असतो मास्क रॉममध्ये. या चिपमधला मजकूर कारखान्यात चिप घडवतानाच तिच्या थरांमध्ये कोरला जातो. त्यानंतर त्यात काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. म्हणूनच तीस-पस्तीस वर्षांनीही बहुतेक कार्ट्रिज पहिल्यासारखी सुरू होतात.

तुम्ही कुठल्या गावात आहात, झोळीत काय आहे, किती जीव उरले आहेत, हे सगळं बदलतं. त्यासाठी लिहिता येईल अशी वेगळी जागा लागते. सेव्हची सोय असलेलं कार्ट्रिज उघडलं, तर रॉमशेजारी एक छोटी एसरॅम चिप (वीज असेतोवरच मजकूर धरून ठेवणारी मेमरी) आणि एक चपटा लिथियम सेल दिसतो. काही कार्ट्रिजमध्ये सेल नसतो आणि एसरॅमऐवजी वीज नसतानाही मजकूर टिकवणारी ईईप्रॉम किंवा फ्लॅश चिप असते. तुमच्या कार्ट्रिजमध्ये यातलं काय आहे, यावरच तुमच्या सेव्हचं भवितव्य ठरतं.

कन्सोलमध्येच (गेम चालवणाऱ्या यंत्रातच) सेव्हची जागा का ठेवली नव्हती?

खर्चामुळे. निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलची कामाची मेमरी होती अवघी २ केबी, आणि वीज बंद झाली की तीही कोरी. प्रत्येक यंत्रात बॅटरी आणि जादा मेमरी घातली असती तर सेव्हची गरज नसलेल्या खेळांच्या गिऱ्हाइकालाही त्याचे पैसे मोजावे लागले असते. त्यामुळे ज्या खेळाला सेव्ह हवं, त्याच्याच कार्ट्रिजमध्ये ती सोय बसवायची असं ठरलं. आजच्या अडचणी या निर्णयातून आल्या आहेत, हे खरं. पण त्याच निर्णयामुळे कार्ट्रिज उचलून मित्राच्या घरी नेलं की तुमचा गेम तिथून पुढे सुरू होई.

बॅटरी येण्याआधी लोक काय करायचे?

पासवर्ड लिहून घ्यायचे. यात कार्ट्रिजमध्ये काहीच साठत नाही. खेळ तुमची स्थिती आकड्यांत बदलतो, ते आकडे अक्षरांच्या रूपात पडद्यावर दाखवतो, आणि ती अक्षरं वहीत नीट उतरवणं ही तुमची जबाबदारी.

मेट्रॉइड या खेळाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एनईएस आवृत्तीत २४ अक्षरांचा पासवर्ड होता. प्रत्येक जागी ६४ चिन्हांपैकी एक, म्हणजे अक्षरामागे ६ बिट. चोवीस सक १४४ बिट, म्हणजेच १८ बाइट. त्यातले १६ बाइट खऱ्या माहितीचे: कोणती शस्त्रं मिळाली, कोणती दारं उघडली, क्षेपणास्त्रं किती, किती वेळ खेळ झाला. सतराव्या बाइटमध्ये हे बिट किती घरं सरकवले त्याचा आकडा असे, जेणेकरून दोन सारख्या स्थितींचे पासवर्डही वेगळे दिसावेत. अठरावा बाइट पडताळणीच्या बेरजेचा. एखादं अक्षर चुकलं की ही बेरीज जुळत नसे आणि पासवर्ड नाकारला जाई. इतक्या कमी जागेत एवढं बसवणाऱ्या माणसांबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो.

पण खेळ मोठे झाले तसे पासवर्डही लांबले. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या पहिल्या ड्रॅगन क्वेस्टचा पासवर्ड २० अक्षरांचा होता. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. जपानी लिपीत एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं आहेत. त्यातलं एक चुकीचं उतरवलं की सगळी मेहनत वाया. १९८८ च्या तिसऱ्या भागात बॅटरी आली, तेव्हा खेळाडूंचा मोठा ताप वाचला. अर्थात नवा ताप सुरू झाला. सेव्ह खराब झालं की त्या खेळात एक अभद्र सूर वाजायचा आणि ‘तुमची साहसवही पुसली गेली आहे’ अशा अर्थाचा संदेश यायचा. त्या पिढीचे जपानी खेळाडू तो सूर विसरलेले नाहीत.

बॅटरीचं सेव्ह असलेला पहिला प्रसिद्ध खेळ कोणता?

अमेरिकेत एनईएसवर तो मान ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’चा. जपानमध्ये हा खेळ २१ फेब्रुवारी १९८६ ला फॅमिकॉम (म्हणजे जपानमधलं एनईएस) डिस्क सिस्टीमसोबत आला होता. तिथे तो चुंबकीय डिस्कवर होता आणि सेव्हही त्याच डिस्कवर लिहिलं जाई. ते डिस्क यंत्र अमेरिकेत विकायला आलंच नाही. म्हणून १९८७ मध्ये तिथे झेल्डा कार्ट्रिजवर उतरवताना ८ केबीची एसरॅम आणि सेल बसवावा लागला. सोनेरी रंगाचं ते कार्ट्रिज आजही चटकन ओळखू येतं. त्यात तीन खेळाडूंच्या नावाने तीन वेगळी सेव्ह ठेवता येतात.

मेट्रॉइडचंही मूळ डिस्कचंच, जपानमध्ये त्यात सेव्ह होतं. पण अमेरिकेत त्याच्या वाट्याला बॅटरी आली नाही, पासवर्ड आला.

बॅटरी नेमकं काय करते?

एसरॅमच्या प्रत्येक बिटमध्ये दोन छोटी सर्किटं एकमेकांना आधार देत उभी असतात. एक ‘चालू’ असेल तर ते दुसऱ्याला ‘बंद’ ठेवतं, आणि दुसरं ‘बंद’ आहे म्हणून पहिलं ‘चालू’ राहतं. वीज मिळते आहे तोवर ही जोडी आपली बाजू सोडत नाही. वीज तुटली की जोडी मोडते. पुन्हा वीज आली तर कोण कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नाही.

चांगली गोष्ट अशी की नुसतं उभं राहायला फार थोडी वीज लागते. लिहिणं-वाचणं बंद असेल तर या चिपा मायक्रोअँपियरच्या घरातला, पुष्कळदा त्याहूनही कमी प्रवाह घेतात. व्होल्टेजही पूर्ण ५ लागत नाही. साधारण २ व्होल्टपर्यंत आतला मजकूर टिकतो. ३ व्होल्टचा सेल या कामाला पुरेसा आहे तो त्यामुळेच.

कन्सोल सुरू असताना एसरॅमला कन्सोलकडूनच वीज मिळते आणि सेल बाजूला राहतो. कन्सोल बंद झालं की ताबा सेलकडे जातो. हा बदल डायोडच्या साध्या जोडणीने होतो, किंवा त्यासाठी बसवलेल्या एका छोट्या चिपमधून. याच सर्किटचं दुसरं काम अधिक नाजूक असतं. व्होल्टेज घसरायला लागताच ते एसरॅमचं दार बंद करतं, म्हणजे धडपडणारा प्रोसेसर तिच्यात भलतंसलतं काही लिहू शकत नाही.

झेल्डा बंद करताना ‘रीसेट दाबून धरा’ असं का सांगतात?

वरच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य इथे उपयोगी पडतं. एनईएसचं पॉवर बटण दाबल्यावर व्होल्टेज एका झटक्यात शून्यावर येत नाही, ते उतरत जातं. त्या क्षणभरात प्रोसेसर धड चालू नसतो आणि धड बंदही नसतो. तो वाटेल त्या पत्त्यावर वाटेल ते लिहू शकतो, आणि तो पत्ता सेव्हचा निघाला तर नुकसान होतं. रीसेट दाबून धरलं की प्रोसेसर जागच्या जागी थांबतो. मग वीज जाताना तो काहीच लिहीत नाही.

ही सूचना अंधश्रद्धा नाही. मूळ एनईएसवर मूळ कार्ट्रिज खेळत असाल तर आजही पाळा.

हा सेल किती वर्षं टिकतो?

साधा हिशोब करू. सीआर२०३२ सेलची क्षमता सुमारे २२० मिलिअँपियर-तास. चिप १ मायक्रोअँपियर घेत असेल तर २,२०,००० तास, म्हणजे साधारण २५ वर्षं. सेल नुसता पडून असला तरी दरवर्षी थोडा झिजतो, ते यातून वजा करा. उलट बाजूने, बऱ्याच चिपा १ मायक्रोअँपियरपेक्षा कमी घेतात, म्हणून काही कार्ट्रिज पस्तीस वर्षांनंतरही सेव्ह धरून आहेत.

गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये अनेकदा सीआर१६१६ सारखा लहान सेल असतो. त्याची क्षमता जेमतेम ५० मिलिअँपियर-तासांच्या आसपास, त्यामुळे तिथे हात राखूनच अंदाज करायचा.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे विसरू नये. तापमान वाढलं की चिपमधून झिरपणारा प्रवाह वाढतो आणि सेलही लवकर झिजतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेलं कार्ट्रिज आणि घरातल्या कपाटात ठेवलेलं कार्ट्रिज यांचं आयुष्य सारखं नसणार. कोकणात आणि मुंबईत प्रश्न दमटपणाचा. तिथे सेल संपण्याआधी पिना काळ्या पडतात.

रोज खेळलं तर सेल चार्ज होतो का?

होत नाही. हे सेल चार्ज होण्यासाठी बनवलेलेच नसतात, आणि कन्सोलची वीज सेलमध्ये उलटी शिरू नये अशी सोय सर्किटमध्ये मुद्दाम केलेली असते. खेळताना सेल वापरला जात नाही, एवढाच फायदा. दिवसातले दोन तास खेळलात तर उरलेले बावीस तास तो झिजतोच.

पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलची सेव्ह इतक्या लवकर का गेली?

कारण त्यांच्यात घड्याळ आहे. या खेळांमध्ये सकाळ, दुपार, रात्र होते, आठवड्याचे वार असतात, आणि गेम बॉय बंद असतानाही वेळ पुढे सरकते. त्यासाठी कार्ट्रिजमध्ये ३२,७६८ हर्ट्झचा एक स्फटिक अखंड थरथरत असतो आणि चिप ती थरथर मोजत असते. हा सगळा खर्च एकाच सेलवर. एसरॅमला नुसतं उभं राहायचं असतं, घड्याळाला मात्र सतत चालायचं असतं. म्हणून मोठा सीआर२०२५ सेल असूनही, १९९६ च्या मूळ पोकेमॉनची सेव्ह शाबूत असताना १९९९ च्या गोल्डची उडालेली असते. धाकट्याआधी थोरल्याने जायला हवं, असा आपला अंदाज इथे चुकतो.

तुमच्याकडे या तिघांपैकी कोणतंही कार्ट्रिज असेल आणि त्यात सेव्ह अजून दिसत असेल, तर बॅकअपसाठी सुट्टीची वाट बघू नका.

पोकेमॉन रूबी सुरू केल्यावर ‘आतली बॅटरी संपली आहे’ असा संदेश आला. सेव्ह गेलं का?

गेलं नाही. गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या रूबी, सफायर आणि एमरल्डमध्ये सेव्ह १२८ केबीच्या फ्लॅश चिपमध्ये असतं, आणि तिला वीज लागत नाही. सेल आहे तो फक्त घड्याळासाठी. तो संपला की घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी थांबतात: झाडांना बोरं धरत नाहीत, भरती-ओहोटी होत नाही. बाकी खेळ आणि सेव्ह पूर्वीसारखंच. संदेशातही तेच लिहिलेलं असतं, पण घाबरलेला माणूस पहिल्या वाक्यापुढे वाचत नाही.

पोकेमॉन फायररेड आणि लीफग्रीनमध्ये घड्याळच नाही, म्हणून सेलही नाही.

सेल नसलेली आणखी कोणती कार्ट्रिज आहेत?

निन्टेन्डो ६४ वर हे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी बघायला मिळतात. १९९६ च्या सुपर मारिओ ६४ मध्ये ईईप्रॉम आहे, फक्त ५१२ बाइटची. चार खेळाडूंचे सगळे तारे त्यात मावतात. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये ३२ केबी एसरॅम आणि सेल आहे. २००० च्या ‘मेजोराज मास्क’मध्ये १२८ केबी फ्लॅश. म्हणजे एकाच कन्सोलवरच्या, दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन झेल्डांपैकी थोरल्याला सेल बदलावा लागेल आणि धाकट्याला लागणार नाही.

ईईप्रॉम आणि फ्लॅश या दोन्हींचं तत्त्व एकच. चोहोबाजूंनी विद्युतरोधक थरात बंद केलेल्या एका कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडले जातात. वीज गेली तरी ते बाहेर पडत नाहीत. कप्प्यात इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून बिट ठरतो. ईईप्रॉममध्ये थोडे-थोडे बाइट सुटे लिहिता येतात. फ्लॅशमध्ये आधी अख्खा तुकडा पुसावा लागतो, मग त्यावर लिहायचं.

सेगाने १९९४ च्या सॉनिक ३ मध्ये तिसराच मार्ग घेतला. त्यात एफरॅम आहे, जिच्या पदार्थात विजेची दिशाच कायम राहते. सेल लागत नाही, आणि लिहिणंही झटपट होतं. त्या काळी ही चिप नवी होती, तरी आज सॉनिक ३ वाल्यांना सेलची चिंता करावी लागत नाही.

म्हणजे फ्लॅश आणि ईईप्रॉम कायमचे टिकतात?

कायमचं काहीच टिकत नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉन फार सावकाश, पण झिरपतात. शिवाय प्रत्येक वेळी लिहिताना विद्युतरोधक थर थोडा थकतो. माणूस हाताने जितक्या वेळा सेव्ह करेल त्या मानाने ही मर्यादा खूप लांब आहे, तिची काळजी नको. पण वीस वर्षं जुन्या फ्लॅशचाही बॅकअप असावा, असं माझं ठाम मत आहे.

सेव्ह चालू असताना लाइट गेली तर?

खेळ कोणी आणि किती विचाराने लिहिला आहे, त्यावर अवलंबून. साध्यात साधी पद्धत पडताळणीच्या बेरजेची. सेव्हमधल्या बाइटांची बेरीज सेव्हसोबतच ठेवतात, आणि सुरू होताना ती पुन्हा करून बघतात. पहिल्या पिढीतल्या पोकेमॉनमध्ये ती जुळली नाही की फाईल नष्ट झाल्याचा संदेश येतो आणि विषय संपतो.

सुपर निन्टेन्डोच्या ‘ए लिंक टू द पास्ट’ने अधिक काळजी घेतली. प्रत्येक सेव्हच्या दोन प्रती. एक बिघडली तर दुसरीवरून ती दुरुस्त होते.

रूबी-सफायरच्या काळात ही कल्पना आणखी सुधारली. फ्लॅशचे दोन मोठे भाग केले, आणि सेव्ह आळीपाळीने या भागात नाहीतर त्या भागात लिहायचं. प्रत्येक सेव्हवर चढता क्रमांक. नवं सेव्ह लिहिताना जुन्याला हातच लावला जात नाही. मधेच वीज गेली तर अर्धवट भाग पडताळणीत नापास होतो आणि खेळ आधीच्या सेव्हवर परततो. थोडी प्रगती जाते, पण सगळं जात नाही. आपल्या कामाच्या फायली आपण याच शिस्तीने ठेवल्या असत्या तर किती मनस्ताप वाचला असता, असं मला हे वाचताना नेहमी वाटतं.

सेल संपत आलाय हे कसं ओळखायचं?

खेळताना ओळखता येत नाही. फिका पडणं, अडखळणं, असं काही होत नाही. एक दिवस सेव्ह असतं आणि दुसऱ्या दिवशी ‘नवा खेळ’ एवढाच पर्याय दिसतो. सेव्ह केल्यानंतर लगेच बंद करून पुन्हा सुरू केलं आणि तेवढ्यातच ते उडालं, तर सेल पूर्ण गेला म्हणून समजा. घड्याळ असलेल्या खेळात वेळ चुकायला लागली तर तो इशारा असू शकतो.

खात्रीचा उपाय मल्टिमीटर. कार्ट्रिज उघडून सेलच्या दोन टोकांवर मोजा. ताजा सेल ३ व्होल्ट किंवा किंचित वर दाखवतो. २.६ च्या खाली आला असेल तर बदलायची वेळ झाली. लिथियम सेलचं व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ स्थिर राहतं आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं. त्यामुळे ‘२.८ आहे, अजून बरीच वर्षं जातील’ असा हिशोब करू नका.

बॅकअप कसा घ्यायचा?

कार्ट्रिज संगणकाला जोडणारं रीडर घ्या. गेम बॉयच्या कुटुंबासाठी जीबीएक्सकार्ट आरडब्ल्यू हे यूएसबीवर चालणारं छोटं यंत्र चांगलं आहे. अनेक कन्सोलची कार्ट्रिज असतील तर सन्नीचा कार्ट रीडर बघा. त्याची रचना खुली आहे, हाताने जुळवता येतो.

क्रम असा ठेवा. आधी पिना स्वच्छ करा: कानकोरणीला लावायचा कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि वाळायला पुरेसा वेळ. मळलेल्या पिनांवर वाचन केलं तर चुकीची फाईल मिळते, आणि तुम्हाला वाटतं की बॅकअप झाला. मग सेव्ह वाचा. कार्ट्रिज काढून पुन्हा लावा, दुसऱ्यांदा वाचा, आणि दोन्ही फायली तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासा. आकारही बघा. पोकेमॉन रेडची फाईल ३२,७६८ बाइटची यायला हवी (घड्याळवाल्या खेळांत वेळेचे काही बाइट जादा येऊ शकतात). शेवटी ती फाईल इम्युलेटरमध्ये (जुनं कन्सोल संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडून आपलं नाव, आपले पोकेमॉन दिसतात का ते डोळ्यांनी पाहा. हे शेवटचं टाळू नका. न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

मग फाईल दोन-तीन ठिकाणी ठेवा. ३२ केबी म्हणजे आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोहून कितीतरी लहान.

सेल बदलताना सेव्ह वाचेल का?

सेल काढला की एसरॅम उपाशी पडते, आणि सेव्ह जातं. काही क्षण ते टिकलंच तर नशीब, त्यावर विसंबू नये. जुना सेल काढण्याआधी दुसरा ३ व्होल्टचा पुरवठा समांतर जोडून ठेवतात, अशी एक पद्धत आहे. पण गरम सोल्डरिंग गन, चालू सर्किट आणि थरथरता हात हे तिन्ही एकत्र आले की एका क्षणाच्या शॉर्टने सेव्ह जाऊ शकतं. रीडर मिळत असताना हा धोका पत्करायचं कारण मला दिसत नाही. बॅकअप घ्या, सेल निर्धास्त बदला, आणि त्याच रीडरने सेव्ह कार्ट्रिजमध्ये परत लिहा.

सेल बदलायचा कसा?

एनईएस, सुपर निन्टेन्डो आणि गेम बॉयच्या कार्ट्रिजला बहुतेक वेळा ३.८ मिलिमीटरचे खास स्क्रू असतात, गेम बॉय अॅडव्हान्सला तीन पात्यांचे. त्यांचे पाने ऑनलाइन सहज मिळतात. साध्या पेचकसाने खेळ करू नका, स्क्रूचं डोकं गेलं की कवच फोडावं लागतं.

सेलवर छापलेला क्रमांक वाचा आणि तोच आणा. पत्र्याचे पाय आधीच जोडलेला सेल हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारून पाहा, नाहीतर ऑनलाइन मागवा. सेलच्या अंगावर थेट सोल्डर कधीही लावू नका, तापून तो फुटू शकतो. जुन्या सेलचे पाय बोर्डवरून वितळवून सोडवा, अधिक-उणे खुणा पाहून नवा बसवा, आणि कवच बंद करण्याआधी व्होल्टेज मोजा.

नुसत्या टेपने सेल दाबून बसवणारे भेटतात. पहिल्या दिवशी ते चालतं. उन्हात डिंक सुटला, कार्ट्रिज हातातून पडलं, की संपर्क क्षणभर तुटतो आणि सेव्ह जातं. चार्ज होणारा एलआयआर२०३२ हाही पर्याय नव्हे, कारण त्याचं व्होल्टेज जास्त असतं. मोठ्या कार्ट्रिजमध्ये जागा असेल तर सेलचा होल्डर सोल्डर करून घेणं मात्र उत्तम, पुढच्या वेळी गन लागणार नाही.

काढलेला सेल घरात लहान मुलं असतील तर क्षणभरही उघड्यावर ठेवू नका. गिळला गेला तर तो अन्ननलिका जाळतो. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं असतं.

एसरॅमच्या जागी सेल न लागणारी चिप बसवता येते का?

येते. एफरॅमची चिप बसवून बरेच जण गेम बॉयची कार्ट्रिज कायमची सेलमुक्त करतात. काम नाजूक आहे, सवयीच्या हाताने करावं. घड्याळवाल्या खेळांत मात्र घड्याळासाठी सेल लागतोच.

आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या ‘कॅसेट’मध्ये सेव्ह का नव्हतं?

महाराष्ट्रात त्या काळी टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि पिवळ्या-लाल कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं काहीतरी छापलेलं असे. त्यात मारिओ, कॉन्ट्रा असे खेळ असत. या दोन्ही खेळांच्या मूळ कार्ट्रिजमध्येच सेव्ह नव्हतं, म्हणजे ते काही कॅसेटवाल्याने कापलेलं नाही. एका बैठकीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत जायचे खेळ होते ते, आणि त्यामुळेच जेवायला हाक आली की कन्सोल चालू ठेवून टीव्ही तेवढा बंद करायची युक्ती कितीतरी घरांत चाले. बॅटरी लागणारे लांबलचक खेळ या स्वस्त कॅसेटमध्ये क्वचितच येत. झेल्डासारख्या खेळांशी आपल्या पिढीची ओळख उशिरा झाली, याचं एक मोठं कारण मला यातच दिसतं.

स्वस्तात मिळालेलं पोकेमॉन एमरल्ड सेव्ह करत नाही. काय बिघडलं असेल?

बहुधा ते नकली आहे. मूळ खेळ १२८ केबीची फ्लॅश चिप शोधतो. नकली बोर्डवर तशी चिप नसते, मग ‘१एम सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. काही नकला खेळाचा कोड बदलून सेव्ह एसरॅममध्ये वळवतात आणि तिथे हलका सेल लावतात. तो संपला की सेव्हही संपतं, जे मूळ एमरल्डमध्ये कधीच होत नाही. अशा कार्ट्रिजवर महिनोन्‌महिने घालवण्याआधी एकदा उघडून बघा.

मेमरी कार्डचं काय?

निन्टेन्डो ६४ चा कंट्रोलर पॅक म्हणजे ३२ केबी एसरॅम आणि सीआर२०३२, म्हणजे कार्ट्रिजचाच आजार त्यालाही. त्यात सेल होल्डरमध्ये असतो, सोल्डरिंगची गरज पडत नाही. पहिल्या प्लेस्टेशनचं १२८ केबीचं कार्ड फ्लॅशचं, त्याला सेल नाही. सेगा सॅटर्नची आतली ३२ केबी मात्र कन्सोलच्या मागच्या झाकणाखालच्या सीआर२०३२ वर चालते, आणि तो सेल कार्ट्रिजच्या सेलपेक्षा बराच लवकर संपतो. सॅटर्न कपाटातून काढलात तर आधी तेच झाकण उघडा.

बॅकअपची फाईल पुढे कुठे वापरता येते?

बहुतेक इम्युलेटर तीच फाईल जशीच्या तशी उघडतात. फाईलचं नाव आणि खेळाच्या फाईलचं नाव एकसारखं ठेवावं लागतं, शेवटचं टोपण (एक्स्टेन्शन) तेवढं वेगळं. खेळाची भाषा आणि आवृत्ती जुळायला हवी. जपानी रेडचं सेव्ह इंग्रजी रेडमध्ये चालणार नाही, कारण नावांची लांबी वेगळी असल्याने आतली मांडणीही वेगळी आहे. निन्टेन्डो ६४ च्या फायलींत कधी-कधी बाइटांचा क्रम उलटा असतो, तो सरळ करणारी छोटी साधनं आहेत. नवा सेल बसवल्यावर हीच फाईल मूळ कार्ट्रिजमध्ये लिहिली, की गेम बॉय सुरू केल्यावर ‘पुढे चालू’ हा पर्याय पुन्हा दिसतो, आणि खेळाडूच्या नावाखाली खेळलेले तासही तेच असतात.